खटल्यापुरता शहाणा

फोन आला तेव्हा ती मेणाची दाढ कोरत होती. खालच्या जबड्याची, डावीकडची. दाढ कोरताना मनगट टेबलाच्या कडेला टेकवून ठेवावं लागतं, श्वास बेताबेतानं सोडावा लागतो, म्हणून कामात असताना ती सहसा फोन घेत नसे. पण नाव वकीलबाईंचं होतं. शेजारी प्लास्टर कालवत बसलेल्या मैत्रिणीनं फोन तिच्या कानाशी धरला. "बसलेल्या आहात ना?" वकीलबाई म्हणाल्या. "ऐका. तुमचे भाऊ बरे झालेत. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. त्यांना सगळं समजतंय, आता खटला चालवायला हरकत नाही, असं. पुढच्या आठवड्यात त्यांना इस्पितळातून तुरुंगात परत नेतील." मग पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "अभिनंदन म्हणावं की काय म्हणावं, मला खरंच कळत नाहीये हो." सुरी मेणातून सटकली आणि दाढेचा एक उंचवटा अलगद उडून टेबलावर पडला.

"कोण बरं झालं गं?" मैत्रिणीनं विचारलं. "दादा," ती म्हणाली. ते बोलणं पलीकडच्या टेबलापर्यंत गेलं, तिथून भट्टीपाशी आणि तिथून काचेआडच्या मालकांपर्यंत. दातांच्या त्या कारखान्यात सगळे मिळून सातआठ जण होते. कोणाच्या घरी काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि तिचा मोठा भाऊ इस्पितळात आहे हेही ठाऊक होतं. कुठल्या इस्पितळात, हे तिनं सांगितलं नव्हतं. त्याआधी तो तुरुंगात होता तेव्हा 'बाहेरगावी असतो' असं सांगितलं होतं. मालक स्वतः उठून आले. "वा! मग आज चहा माझ्याकडून," ते म्हणाले, "आणि आता त्याला जरा विश्रांती घेऊ दे म्हणावं, लगेच कामाला जुंपू नका." ती हसली. हसताना आपले ओठ दातांवरून ओढले जाताहेत हे तिला स्पष्ट जाणवलं. दिवसभर ती माणसांच्या हसण्याचीच मापं घेत असे, म्हणून असेल. चहा आला, तिनं तो प्यायला, उडालेला उंचवटा कोमट मेणानं पुन्हा बसवला, पण तो नीट बसेना. बरा झाला. हे दोन शब्द ऐकायला किती वर्षं आसुसलो आपण, आणि आता ते कानात खड्यासारखे टोचताहेत.

दादा मोटार शिकवायचा. निम्म्या शहराला मी गाडी शिकवली, असं तो सांगायचा, आणि उरलेलं निम्मं शहर गाडी कशी चालवतं ते बघितलं तर ते कळतंच, असं पुढं जोडायचा. शेजारच्या सीटवर बसून, पायाशी बसवलेल्या जादा ब्रेकवर पाऊल ठेवून, तो जगातली सगळी घाबरट माणसं शांतपणे रस्त्यावर आणायचा. त्याला कधी ओरडताना कोणी ऐकलं नव्हतं. घरी जेवताना आईनं तावातावानं काही सांगायला सुरुवात केली की टेबलाखाली त्याचं उजवं पाऊल हळूच दाबलं जायचं, आणि ते बघून दोघं भावंडं हसत सुटायची. "काय झालं दात काढायला?" आई विचारायची. "तिचा धंदाच आहे तो," दादा म्हणायचा. तिला तो 'शहाणे' म्हणायचा. लहानपणी ती प्रत्येकाच्या चुका काढायची म्हणून ते नाव पडलं आणि मग चिकटलंच. वडील गेले तेव्हा ती शाळेत होती. तिची फी, तिचे कपडे, तिचं दातांचं शिक्षण, सगळं त्या शेजारच्या सीटवर बसून त्यानं केलं, आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. तिला गाडी शिकवली तीही त्यानंच. "आरशात बघ, शहाणे. पुढं जाणाऱ्याला मागचं दिसायला हवं." ती बघायची. तो तिच्याहून जास्त बघायचा. पुढं तो फारच बघायला लागला. एकच पांढरी गाडी रोज मागं असते, म्हणाला. मग शिकायला येणाऱ्यांतली काही माणसं मुद्दाम पाठवलेली आहेत, म्हणाला. झोप उडाली. भिंतीला कान लावून बसायचा आणि विचारलं तर ओशाळून म्हणायचा, "काही नाही गं, पाईप वाजतोय." नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, दगदग कमी करा म्हणाले. मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळायला पाच आठवडे होते, आणि ते पाच आठवडे पुरे झालेच नाहीत.

विजेचं मीटर वाचायला एक माणूस दर महिन्याला यायचा. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी. दुपारची वेळ होती, आई आत पडली होती. मीटर जिन्यातल्या कपाटात होतं. त्या माणसानं कपाट उघडून बॅटरी आत मारली आणि दादाला वाटलं, भिंतीत जे काही आहे ते ह्यानंच ठेवलंय. त्यानं ढकललं. एकदाच. जिना काही फार उंच नव्हता, शेजारची पोरं त्यावरून उड्या मारत खाली जात. पण माणूस पाठीवर पडला आणि डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. शेजारी धावले तेव्हा दादा त्याच्यापाशी बसला होता. अंगातला शर्ट काढून त्यानं त्या माणसाच्या डोक्याखाली ठेवला होता आणि "हलू नका, हलू नका, येताहेत, गाडी येतेय" असं त्याला पुन्हापुन्हा सांगत होता. गाडी आली, पण त्याआधीच माणूस गेला होता. त्याला बायको होती आणि शाळेत जाणारी मुलगी. त्याची बायको, ती मुलगी, तिच्या मागं रडत उभी असलेली आजी, हे सगळं तिनं पहिल्या दिवशी कोर्टात पाहिलं आणि तेव्हापासून दादाची कीव करायला बसली की ती मुलगी शेजारी येऊन बसायची. कीव पुरी करताच यायची नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं आईला सांगितलं. सांगायचं नाही असं बसमध्ये ठरवलं होतं, पण आईनं दार उघडताच तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "काय झालं?" "दादा बरा झालाय म्हणे." आई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. गुडघे दुखायचे तिचे, पण ती बसली नाही. "मग घरी कधी येतोय?" "घरी नाही गं आई. आधी खटला व्हायचाय. तुरुंगात नेणार परत." आई विचार करत राहिली. तिचा विचार डोळ्यांत दिसायचा, एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवत असल्यासारखा. "तुरुंगातच तर बिघडला तो एवढा," ती शेवटी म्हणाली. "इथून गेला तेव्हा मला ओळखत होता. बरा केला त्यांनी, आणि परत तिथंच नेऊन टाकणार? हे कसलं डोकं चालवतात ही माणसं? कपडा धुवायचा आणि परत चिखलात भिजवायचा!" आईनं मग जाऊन दादाच्या खोलीतली चादर बदलली. का बदलली, हे तिनं विचारलं नाही.

आईचं खरं होतं. इथून गेला तेव्हा तो ओळखत होता. तुरुंगातल्या पहिल्या भेटीत काचेपलीकडून फोनवर तो म्हणाला होता, "माणसं बरी आहेत गं इथली. फक्त आवाज फार." एका मोठ्या खोलीत दाटीवाटीनं माणसं झोपत, एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं. दिवे कधी मालवत नसत. कोणी खोकायचं, कोणी रडायचं, कोणी झोपेत कोणाची तरी माफी मागायचं, आणि दादाच्या डोक्यातले आवाज त्या आवाजांत असे मिसळत की आतले कुठले आणि बाहेरचे कुठले हे त्याला निवडता येईना. खटला न झालेला कच्चा कैदी तो, न्यायाच्या हिशेबानं अजून निर्दोष, पण तिथं असा हिशेब कोणी करत नव्हतं. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, रांग लागायची, आणि डोकं दुखणाऱ्याला आणि डोकं फिरलेल्याला साधारण एकाच रंगाच्या गोळ्या मिळायच्या. मग तो भिंतीवर डोकं आपटायला लागला आणि इतरांना झोपू देईना, म्हणून त्याला एकट्याच्या कोठडीत टाकलं. एकटा ठेवला तर शांत होईल, अशी त्यांची समजूत. दारावरचा पहारेकरी तसा वाईट नव्हता, त्यानं तिला एकदा खुर्चीही दिली होती. पण तो म्हणाला, "ताई, असे शंभर बघितलेत मी. खटला जवळ आला की सगळ्यांना वेड लागतं. नाटकं असतात." दादाला नाटक कधी जमलं नव्हतं. लहानपणी लपाछपीत तो स्वतःच हसून सापडायचा. नंतरच्या एका भेटीत तो काचेपलीकडे येऊन बसला, दाढी वाढलेली, कपाळावर जुन्या-नव्या जखमा, नखांत भिंतीचा चुना. तिनं फोन उचलला. त्यानंही उचलला, आणि अतिशय अदबीनं विचारलं, "आपण कोणाकडे आलात?"

आपण. जन्मापासून त्यानं तिला 'तू' सोडून काही म्हटलं नव्हतं. भांडणातसुद्धा. त्या दिवशी तिथून बाहेर पडल्यावर ती बसथांब्यावर किती वेळ उभी होती ते तिला आठवत नाही. एवढंच आठवतं की तिच्या मनात येत होतं, ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, काचेवर थुंकला असता तरी चाललं असतं. त्यात ओळख तरी असते. पण तो अनोळखी माणसाशी वागतात तसा चांगला वागला.

त्यानंतर वकीलबाईंनी अर्ज केले, अर्जांवर अर्ज केले, आणि एका तपासणीत कोणातरी शहाण्या माणसानं लिहिलं की हा कैदी खटला समजण्याच्या अवस्थेत नाही. म्हणून इस्पितळ. खिडक्यांना जाळ्या तिथंही होत्या, दाराला कुलूप तिथंही होतं, पण दिवे वेळेवर मालवत आणि गोळी गिळेपर्यंत परिचारिका समोर उभी राहायची. आधी नुसता झोपला तो. मग जाडा झाला, हात थरथरायला लागले, जीभ जड झाली. ती दर रविवारी जायची, संत्री सोलून द्यायची, तो खायचा आणि "आभारी आहे" म्हणायचा. मग एका रविवारी ती नेहमीप्रमाणे बाकावर टेकली, पिशवीतून संत्री काढायला लागली आणि शेजारून आवाज आला, "शहाणे, तुझं वजन वाढलंय." ती वळली. तो तिच्याकडे बघत होता. तोच. डोळ्यांच्या कोपऱ्यात तीच लबाडी, जरा थकलेली, लांबचा प्रवास करून आलेली. "वाढलंय का?" ती म्हणाली. "चांगलंच. गाडीत बसलीस तर एका बाजूला कलेल." आणि ती इतकी रडली, इतकी रडली की परिचारिका धावत आली आणि दादाला म्हणाली, "काय केलंत तुम्ही?" तो म्हणाला, "काही नाही हो, खरं बोललो."

पण बरं होणं म्हणजे नुसतं बहिणीला ओळखणं नव्हतं. पुढं हळूहळू सगळं परत आलं. जिना आला, बॅटरी आली, डोक्याखाली ठेवलेला शर्ट आला. एका रविवारी त्यानं विचारलं, "त्या माणसाचं नाव काय होतं?" तिनं सांगितलं. त्यानं ते नाव हळूच दोनदा उच्चारलं, कोणी ओळख करून दिल्यावर उच्चारतात तसं. मग त्या दिवशी त्यानं संत्रं खाल्लं नाही. वेडा होता तेव्हा त्याला भिंतीची भीती वाटायची. आता भिंत नुसती भिंत होती, आणि जे घडलं ते घडलेलं होतं.

फोन आल्यानंतरच्या दुसऱ्याच दिवशी ती मालकांकडून सुट्टी घेऊन इस्पितळात गेली. आधी डॉक्टरांना भेटली. डॉक्टर तिच्याहून लहान असतील, डोळ्यांखाली काळं, टेबलावर अर्धा खाल्लेला पाव. "मला कल्पना आहे," तिनं काही म्हणायच्या आधीच ते म्हणाले. "मी औषधं लिहून देतोय सोबत. सगळं सविस्तर लिहून देतोय." "तिथं देतील?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी पाव कागदात गुंडाळला. "लिहून देतोय," ते पुन्हा म्हणाले. मग दाराकडे बघून, आवाज उतरवून: "हे बघा, माझं काम माणसाला बरं करायचं. किती बरं करायचं हे मी ठरवत नाही, ते कोर्टानं ठरवलंय. खटला समजेल इतपत. तेवढा झाला की माझ्याकडची खाट दुसऱ्याची. बाहेर रांग आहे. पण... तुम्ही घरचे. घरच्यांना काही गोष्टी लक्षात येतात ज्या आम्हाला येत नाहीत. अजून आवाज येतात, असं तो तुमच्यापाशी बोलला असेल, तर ते मला सांगितलं पाहिजे तुम्ही. मग मला आणखी काही आठवडे ठेवून घ्यावं लागेल." एवढं बोलून ते दुसरीकडे बघायला लागले. पंखा फिरत होता. ती म्हणाली, "मी त्याच्याशी बोलून येते."

दादा आवारातल्या बाकावर बसला होता, दाढी केलेली, केस नीट विंचरलेले, शाळेच्या पहिल्या दिवसासारखा. त्याला कळलं होतं. तिनं संत्री आणलीच नव्हती, हे तिला तिथं बसल्यावर आठवलं. "दादा," ती म्हणाली, "डॉक्टर म्हणताहेत, तुला अजून आवाज येत असतील तर..." "येत नाहीत." "ऐकून तर घे. येत असतील, तर ते तुला इथंच ठेवून घेतील." तो तिच्याकडे बघत राहिला, मग त्याला उमजलं आणि तो हसला. मोठ्यानं नाही. "म्हणजे मी वेड्याचं सोंग घेऊ? शहाणे, तू सांगतेस हे?" "थोडेच दिवस रे." "आणि मग?" "मग बघू पुढचं पुढं." "नाही गं," तो म्हणाला. त्यानं तिचा हात घेतला. त्याचा हात थरथरत होता, गोळ्यांनी, पण पकड घट्ट होती. "तुला कल्पना नाही तिथून वर यायला काय लागतं. विहिरीत असतो माणूस, आणि वरून कोणी बोलतंय, शब्द कळताहेत पण ते आपल्यासाठी आहेत हे कळत नाही. मी एकेक दगड धरत आलोय वर. आता येत नसलेला आवाज येतो म्हणालो ना, तर तो येईल. ऐकतच असतो तो कुठंतरी." तिनं त्याचा हात दुसऱ्या हातानं झाकला. "आणि दुसरं म्हणजे," तो म्हणाला, "मला त्या बाईंशी बोलायचंय." "कोणाशी?" "त्याच्या बायकोशी. कोर्टात येतात म्हणालीस ना त्या? शिक्षा काय द्यायची ती देऊ देत. पण मला त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचंय की तुमच्या माणसाची काही चूक नव्हती. तो आपलं काम करत होता, नीट करत होता, आणि मी त्याला मारलं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं हे खरं, पण हात माझेच होते. आणि शेवटपर्यंत तो एकटा नव्हता. मी होतो तिथं. हे त्यांना कोणी सांगितलं असेल का गं? वकील नाही सांगत असल्या गोष्टी." त्यानं हे पाठ केलं होतं, हे तिच्या लक्षात आलं. शब्द एकामागोमाग एक सावकाश येत होते, रोज घासल्यासारखे. "सांगायला शहाणा माणूस लागतो," तो म्हणाला. "म्हणून जाऊ दे मला. आहे तोवर."

जाताना तिनं डॉक्टरांना सांगितलं, "नाही येत त्याला आवाज." डॉक्टरांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर निराशा होती की सुटका, तिला कळलं नाही.

तो परत तुरुंगात गेला. पहिल्या भेटीत चांगला होता. दुसऱ्या भेटीतही. काचेपलीकडून त्यानं पहारेकऱ्याच्या चालीची नक्कल केली आणि ती हसली. इस्पितळातून दिलेलं औषध सुरुवातीला मिळत होतं, मग एक गोळी संपली आणि तिच्याऐवजी दुसरी आली, मग ती कधी यायची कधी नाही. तिनं बाहेरून विकत आणून दिली तर ती नियमात बसत नाही म्हणून परत केली. खटल्याची तारीख आली, त्या दिवशी न्यायाधीश रजेवर. पुढची आली तेव्हा कैद्यांना आणायला पुरेसे पोलीस नव्हते. त्यापुढच्या तारखेला साक्षीदार आला नाही. दर वेळी मेलेल्या माणसाची बायको येऊन बसायची, राखाडी साडी, मांडीवर पिशवी, आणि दर वेळी तिला कोणीतरी सांगायचं की आज नाही. दोघी एकमेकींना ओळखायला लागल्या होत्या, लांबून, नजर चुकवण्याइतपत.

एका भेटीत दादानं बसून फोन कानाला लावला. मग म्हणाला, "शहाणे, तारीख जरा लवकर मिळते का बघ ना." "वकीलबाई प्रयत्न करताहेत." "तसं नाही," तो म्हणाला. तो घामानं डबडबला होता, पण आवाज शांत होता, नवशिक्याला वळण घ्यायला सांगावं तसा. "आलाय तो. अजून बाहेरच उभाय. मी दार धरून ठेवलंय. पण फार दिवस नाही धरवणार." "कोण आलाय, दादा?" तिनं विचारलं, जरी तिला कळलं होतं. "रात्री दिवे मालवत नाहीत ना," तो म्हणाला, "म्हणून त्याला मी दिसतो." तिनं काचेवर हात टेकवला. त्यानं त्या हाताकडे बघितलं आणि पाठ केलेलं ते सगळं तिला पुन्हा एकदा म्हणून दाखवलं, त्या बाईंना सांगायचं ते. कुठं चुकत नाही ना, असं विचारलं. एका जागी तो अडखळला, तो शब्द तिनं दिला. लहानपणी कविता पाठ करताना तो तिला द्यायचा तसा. बाहेर पडल्याबरोबर तिनं वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी अर्ज देते, पण कारण काय लिहू? आरोपी अजून शहाणा आहे म्हणून घाई करा, असं कसं लिहू मी?"

तारीख मिळाली तेव्हा ऋतू बदलून उन्हाळा लागला होता. दादाला आणलं. दोन्ही दंडांना धरून आणलं, कारण तो मध्येच थांबून खाली बघत होता, पुढं जमीन आहे की नाही याची खात्री करत असल्यासारखा. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. ओठ सारखे हलत होते. तिला वाटलं, तो ते पाठ केलेलं म्हणतोय. ती वाकून, पुढं होऊन बघत राहिली, त्या ओठांवर आपले शब्द शोधत. पण ते ते शब्द नव्हते. ते शब्दच नव्हते. पलीकडच्या बाकावर ती बाई पिशवी घट्ट धरून बसली होती आणि आज पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे सरळ बघत होती. न्यायाधीशांनी चष्मा काढला, जरा सौम्य आवाजात विचारलं, "तुमचं नाव सांगा." दादानं वळून मागं पाहिलं. कोणाला विचारताहेत ते बघण्यासाठी. मागं पोलीस होता. दादानं त्याच्याकडे आणि मग पुन्हा न्यायाधीशांकडे पाहिलं, आणि उत्तर देत नसल्याबद्दल त्या पोलिसाच्या वतीनं ओशाळल्यासारखा हसला.

फार वेळ लागला नाही. आरोपी खटला समजण्याच्या अवस्थेत नाही, पुन्हा इस्पितळात पाठवावं, बरा झाल्यावर हजर करावं. वकीलबाई फायली गोळा करत वळल्या आणि तिच्या दंडावर हात ठेवून पुटपुटल्या, "चला, हे छान झालं." "हो, छान झालं," ती म्हणाली. आणि तिला खरंच आनंद झाला. तो आतून वर आला, उबदार, थांबवता न येणारा. दिवे मालवतील. परिचारिका समोर उभी राहील. रविवारी जाता येईल, काच नसेल. माझ्या भावाला पुन्हा वेड लागलं, आणि मला आनंद झालाय. हे वाक्य तिच्या मनात जसंच्या तसं उमटलं. बाहेरच्या ओसरीत भिंतीशी एक लांब बाक होता, तिथं ती बसली आणि तोंडावर हात दाबून रडली. लोक जात येत होते. कोर्टाच्या ओसरीत रडणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही.

शेजारी कोणीतरी बसलं. राखाडी साडी. तिनं पिशवी मांडीवर घेतली. मग ती बाई म्हणाली, "मला आतलं काही ऐकू आलं नाही. कोणी सांगतही नाही. शिक्षा झाली का त्याला?"

"नाही."

"सुटला?"

"नाही."

"मग काय झालं?"

"तो आजारी आहे," ती म्हणाली. "इस्पितळात नेतील. बरा झाला की परत आणतील इथं."

"म्हणजे मलाही परत यायचं."

"हो."

बाईनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला. हात कामाचे होते, नखं कापलेली. "मुलगी विचारते," ती म्हणाली. "आज तरी संपलं का म्हणून. काय सांगू तिला?"

तिच्या तोंडाशी सगळं आलं. तुमच्या माणसाची काही चूक नव्हती. तो आपलं काम करत होता, नीट करत होता. शेवटपर्यंत तो एकटा नव्हता. एकूणएक शब्द तिला पाठ होता, तो जिथं अडखळला होता तो शब्दसुद्धा. पण ते त्याचं होतं. तेवढंच एक त्यानं खालून वर येताना सोबत आणलं होतं. आपण बोलून टाकलं तर त्याला वर यायला काय उरेल? आणि नाही बोललं तर ह्या बाईला काय उरेल? ती त्या कापलेल्या नखांकडे बघत राहिली. "त्याला तुम्हाला काही सांगायचंय," ती शेवटी म्हणाली. "फार दिवसांपासून."

"काय?"

"डोक्याखाली शर्ट त्यानं ठेवला होता," ती म्हणाली. "तो तिथं बसून होता. तुमचे ते... एकटे नव्हते. एवढं मी सांगते. बाकीचं तो सांगेल."

बाईचा चेहरा बदलला नाही. ती उठली, पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं गेली आणि मागं न वळता म्हणाली, "लवकर बरा होऊ दे मग त्याला."

खाली आवारात कैद्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ती जिना उतरून धावली. गाडीच्या दोन्ही अंगांना जाळीच्या बारीक खिडक्या होत्या, आत अंधार, कोण कुठल्या बाजूला बसलंय ते दिसण्याची सोयच नव्हती. ती आधी एका बाजूनं गेली, मग मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला, आणि हात वर करून हलवायला लागली. "दादा!" तिनं हाक मारली. गाडी हलली. तेवढ्यात जाळीच्या एका भोकातून दोन बोटं बाहेर आली आणि हलली. कोवळी, सडसडीत बोटं, विशीतल्या कोणाची तरी. दादाची नव्हती ती. तिनं हात खाली घेतला नाही. गाडी फाटकातून बाहेर वळेपर्यंत ती त्या बोटांना हात करत राहिली.